जुनी सेप्टिक टाकी उपसायची किंवा बुजवायची आहे? ठेकेदार ठरवण्याआधी एवढे वाचा

घरामागची संडासाची टाकी भरली, संडास तुंबला, की आपण गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करतो. तो म्हणतो, "गाडीचे पैसे कशाला घालता? दोन पोरं उतरवतो, अर्ध्या पैशात काम होईल." दुपारपर्यंत काम उरकेल असे आपल्याला वाटते. पण टाकीत माणूस उतरवण्याचा हा निर्णय जिवावर बेतू शकतो, आणि तो निर्णय ठेकेदाराइतकाच तुमचाही असतो.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा विषय घरोघरचा आहे. बहुतेक घरे आणि वाड्यावस्त्या सेप्टिक टाकीवर किंवा शोषखड्ड्यावर चालतात. रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीच्या आजूबाजूला भाड्याच्या खोल्या वाढल्या, पण खाली टाकी जुनीच राहिली. पाच माणसांसाठी बांधलेली टाकी पंचवीस माणसे वापरू लागली, तर ती लवकर भरणारच. कुठे जुने घर पाडून नवे बांधायचे असते, कुठे गटाराची लाइन आलेली असते आणि जुनी टाकी कायमची बंद करायची असते. या सगळ्यांत एकच नियम पाळायचा आहे: टाकीत माणूस उतरणार नाही. एक मिनिटासाठीही नाही, आणि कुणाला वाचवण्यासाठीही नाही. त्याची कारणे आणि काम सुरक्षित करून घेण्याची पद्धत या लेखात दिली आहे.

टाकीत कोणते वायू असतात?

बंद टाकीत मैला हवेशिवाय कुजतो. त्यातून मुख्यतः तीन वायू तयार होतात.

• हायड्रोजन सल्फाइड: कुजलेल्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू सर्वांत घातक. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी साचून राहतो.

• मिथेन: गोबरगॅसमध्ये असतो तोच. त्याला वास नसतो. तो पेट घेतो आणि ठरावीक प्रमाणात हवेत मिसळला की स्फोट होतो.

• कार्बन डायऑक्साइड: हाही हवेपेक्षा जड. तो ऑक्सिजनची जागा घेतो.

याशिवाय टाकीतला ऑक्सिजनच कमी झालेला असतो. बाहेरच्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा काम करण्यास असुरक्षित मानतात. १० टक्क्यांच्या खाली माणूस बेशुद्ध पडतो. ६ टक्क्यांच्या खाली काही मिनिटांत मृत्यू येतो.

वरून पाहताना टाकी शांत दिसते. पण वायू तळाच्या गाळातही अडकून असतात. गाळात पाय पडला, फावडे चालले किंवा बांबूने ढवळले की ते एकदम बाहेर पडतात. "झाकण काल रात्रीपासून उघडे ठेवले आहे, आता काही होणार नाही" ही समजूत त्यामुळेच घात करते.

शरीरात काय होते?

आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन रक्तातून पेशींपर्यंत जातो आणि पेशी त्यातून ऊर्जा तयार करतात. हायड्रोजन सल्फाइड पेशींमधली हीच यंत्रणा बंद पाडतो. ऑक्सिजन पोहोचतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. सर्वांत आधी मेंदू आणि हृदयाला याचा फटका बसतो.

वायूचे प्रमाण पीपीएममध्ये मोजतात, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्या वायूचे किती भाग आहेत.

• १ पीपीएमपेक्षाही कमी असताना नाकाला वास येतो.

• १०० पीपीएमच्या आसपास डोळे चुरचुरतात, खोकला येतो आणि काही मिनिटांत वास येणेच बंद होते.

• ५०० पीपीएमच्या पुढे चक्कर येते, तोल जातो आणि काही मिनिटांत माणूस कोसळतो.

• १००० पीपीएमच्या आसपास एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते आणि श्वास थांबतो.

यातली दुसरी पायरी नीट लक्षात ठेवा. वायू वाढला की वास येणे बंद होते, कारण वास ओळखणाऱ्या नसाच बधिर होतात. टाकीत उतरलेला माणूस "आता वास कमी झाला" म्हणतो, तेव्हा तो जास्त धोक्यात असू शकतो. शेवटच्या पायरीवर तर ओरडायला किंवा शिडी धरायलाही वेळ मिळत नाही.

ज्या जुन्या उपायांवर विसंबू नये

कंदील किंवा मेणबत्ती सोडून पाहणे. दिवा जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. पण माणूस मरेल इतका हायड्रोजन सल्फाइड असतानाही दिवा व्यवस्थित जळतो. १००० पीपीएम म्हणजे हवेच्या हजारात एक भाग. तेवढ्याने ज्योत विझत नाही. उलट मिथेन असेल तर त्याच ज्योतीने भडका उडतो. काडी, बिडी, दिवा यांतले काहीही टाकीजवळ नको.

तोंडाला ओला रुमाल, उपरणे किंवा मास्क. कापड धूळ अडवते, वायू नाही. कोविडच्या काळात वापरलेला एन-९५ मास्कही इथे निरुपयोगी आहे.

दारू पिऊन उतरणे. दारूने घाण वाटणे कमी होते. त्याबरोबर सावधपणाही जातो आणि श्वास मंदावतो.

श्वास रोखून पटकन जाऊन येणे. जोर लावताना श्वास रोखता येत नाही. आत गेल्यावर घेतलेला पहिलाच श्वास शेवटचा ठरू शकतो.

वरून पाणी मारणे, झाडाची फांदी हलवणे, टेबलफॅन लावणे. याने आतली हवा सुरक्षित झाली की नाही हे कळत नाही. ते फक्त वायू मोजणाऱ्या यंत्राने कळते. साध्या पंख्याच्या ठिणगीने मिथेन पेटूही शकतो.

टाकीत अॅसिड किंवा ब्लीचिंग पावडर ओतणे. अॅसिडमुळे गाळातून हायड्रोजन सल्फाइड आणखी वेगाने सुटतो. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो. दोन्ही फुप्फुसांना घातक आहेत.

एकामागून एक जीव का जातात?

या अपघातांत बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त माणसे दगावतात. पहिला कामासाठी उतरतो, पुढचे त्याला काढायला उतरतात. अमेरिकेतील कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ साली नमूद केले होते की बंद जागांमधील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात.

आपल्या भागातही हे घडले आहे. २ मार्च २०२२ रोजी पुणे-सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्तीत एका निवासी इमारतीची सेप्टिक टाकी साफ करताना चार जण गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुणे-नगर रस्त्यावरील वाघोलीत एका सोसायटीच्या टाकीत तीन कामगारांचा जीव गेला. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात एका आखाड्यावरची टाकी साफ करताना पाच मजूर मृत्युमुखी पडले.

नेवासा तालुक्यातील वाकडी गावात एप्रिल २०२४ मध्ये तर साफसफाईचे कामही नव्हते. शेणाच्या स्लरीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला, त्याच्यामागे एकेक करून इतर उतरले. सहापैकी पाच जण गेले. सहाव्याच्या कमरेला दोर बांधलेला होता, म्हणून त्याला वर ओढता आले.

टाकी संडासाची असो, गोबरगॅसची असो, नाहीतर बुजत आलेली जुनी विहीर असो, धोका सारखाच आहे. नव्या टाकीतही तो असतो. स्लॅब टाकून काही दिवस बंद ठेवलेल्या टाकीतले सेंटरिंग काढायला मिस्त्रीचा माणूस उतरतो. ओल्या फळ्या आणि साचलेले पाणी यांमुळे आतला ऑक्सिजन संपलेला असू शकतो. टाकी कधी वापरलेलीच नाही, म्हणून घाण नाही आणि वायूही नाही, असे समजू नका.

टाकी कधी उपसावी?

घरगुती टाकी साधारण दर दोन ते तीन वर्षांनी उपसावी. माणसे जास्त असतील तर त्याआधी. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी तुंबण्याची वाट न पाहता, दर तीन वर्षांनी ठरलेल्या वेळापत्रकाने घरोघरच्या टाक्या यंत्राने उपसण्याची पद्धत सुरू केली. वेळेवर उपसलेल्या टाकीतला गाळ पातळ असतो आणि पाइपने सहज निघतो. दहा-पंधरा वर्षे न उघडलेल्या टाकीत तो घट्ट बसतो, आणि मग "माणूस उतरवावा लागेल" हे वाक्य ऐकू येते. म्हणून वेळेवर उपसणे हाही सुरक्षेचाच भाग आहे.

ठेकेदाराला काय विचारावे?

शिरूर किंवा दौंड शहरात असाल तर आधी नगरपरिषदेत चौकशी करा: मैला उपसण्याची गाडी मिळते का, किंवा नोंद असलेले खासगी गाडीवाले कोण आहेत. गावात असाल तर ग्रामपंचायतीत विचारा. फोन करताना टाकी कुठे आहे, गाडी उभी राहील तिथून किती लांब आहे, शेवटची कधी उपसली होती आणि झाकण आहे की स्लॅब बंद आहे, हे सांगा. तुमचे पाइप किती लांब पोहोचतात हेही विचारा. पाइप पुरला नाही म्हणून माणूस बादली घेऊन उतरला, असे होऊ नये.

मग हे प्रश्न विचारा:

१. उपसा पंप बसवलेल्या गाडीने करणार का? माणूस आत उतरणार का? उत्तर "गरज पडली तर" असे आले, तर दुसरा ठेकेदार बघा.

२. तळाचा गाळ घट्ट निघाला तर काय कराल? योग्य उत्तर: पाण्याचा जोरदार झोत मारून तो बाहेरूनच पातळ करू, दुसरी खेप करू.

३. कामगार किती? हातमोजे, गमबूट आणि डोळ्यांचा चष्मा आहे का? त्यांना धनुर्वाताचे इंजेक्शन दिलेले आहे का?

४. मैला कुठे रिकामा करणार? ओढ्यात, नाल्यात, घोड किंवा भीमा नदीच्या काठी किंवा कुणाच्या उसात ओतणार असेल तर नकार द्या. कच्च्या मैल्यातून कावीळ, टायफॉइड, जुलाब आणि जंत पुन्हा तुमच्याच गावात येतात. मैला प्रक्रिया केंद्रात किंवा स्थानिक संस्थेने नेमून दिलेल्या जागीच जायला हवा.

५. दर खेपेवर की पूर्ण कामावर? दुसरी खेप लागली तर किती? हे आधी ठरले नाही, तर पैसे वाचवण्यासाठी शेवटचा गाळ माणसाकडून काढण्याचा मोह दोघांनाही होतो.

ठरलेले सगळे एका कागदावर लिहा आणि "कोणीही टाकीत उतरणार नाही" हे वाक्य सर्वांत वर ठेवा. व्हॉट्सॲपवर मराठीत पाठवले तरी चालेल.

टाकी धुऊन लख्ख करण्याची गरज नसते, हेही माहीत असू द्या. तळाशी थोडा गाळ राहिला तर बिघडत नाही. मैला कुजवणारे जिवाणू त्यातच असतात आणि टाकी पुन्हा नीट चालू व्हायला त्यांची मदत होते.

कायदा काय सांगतो?

२०१३ च्या हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याच्या कलम ७ नुसार, गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणत्याही व्यक्तीला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कामाला लावता येत नाही. "मी ठेकेदाराला काम दिले, माणूस त्याने उतरवला" ही सबब म्हणून पुरी पडत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अगदी अपवादात्मक परिस्थितीत सुरक्षा साधनांसह माणूस उतरवायचा असेल, तर त्याला स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ही घराच्या ओट्यावर ठरवायची गोष्ट नाही.

२० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई देण्याचे निर्देश दिले. तुमच्या घरातलेच कुणी हे काम करत असेल तर हा हक्क माहीत असू द्या.

कामाच्या दिवशी

• काम उजेडात करून घ्या. रात्री किंवा भर पावसात नको.

• लहान मुले, गरोदर स्त्रिया, दमेकरी आणि जनावरे यांना दूर ठेवा. टाकीकडच्या खिडक्या बंद करा. संडास वापरू नका.

• झाकण उघडताना वाकून आत पाहू नका. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, बाजूला उभे राहा.

• जुन्या टाकीवरच्या स्लॅबवर किंवा शहाबादी फरशीवर कुणी उभे राहू नये. आतून गंजलेला स्लॅब वजनाने खचतो.

• बिडी, सिगारेट, चूल, वेल्डिंग, जनरेटर हे सगळे लांब ठेवा.

• मोबाइल, चप्पल, बादली आत पडली तर पडू द्या. काढायला कुणी वाकू नये, उतरू नये.

• काम संपताच झाकण घट्ट बसवा. उघड्या टाकीत लहान मुले पडतात. वायू बाहेर जाण्याच्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर टाकीत डास वाढतात.

टाकी कायमची बुजवायची असेल तर

आधी गाडीने पूर्ण उपसा करून घ्या. घरातून येणारी लाइन तोडून बंद करा. त्यानंतर झाकणे काही तास उघडी ठेवा आणि चारी बाजूंनी अडथळा लावा. स्लॅब बाहेरून, जेसीबीने फोडावा. यंत्र कडेपासून लांब उभे करावे. तळाला भोक पाडायचे तेही बाहेरूनच, नाहीतर पुढे पावसाचे पाणी आत साचून राहते. मग चुना टाकून मुरूम किंवा माती थराथराने भरावी आणि प्रत्येक थर दाबून घ्यावा. बुजवलेल्या जागेवर लगेच बांधकाम करू नका, आणि ती जागा घराच्या नकाशावर खूण करून ठेवा. नुसती फरशी टाकून सोडलेली जुनी टाकी वीस वर्षांनीही कुणाच्या तरी पायाखाली खचू शकते.

अपघात झालाच तर

आत पडलेला माणूस तुमचा भाऊ, मुलगा असला तरी आत उतरू नका. पायातले बळ एकवटून थांबण्याचा हा क्षण फार कठीण असतो. पण तुम्ही उतरलात तर मदतीला येणाऱ्यांना दोन माणसे काढावी लागतील, आणि पहिल्यापर्यंत पोहोचायला उशीर होईल.

१. मोठ्याने ओरडून लोकांना बोलवा. ११२ किंवा १०१ वर फोन करून अग्निशमन दलाची मदत मागा, १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. "सेप्टिक टाकीत माणूस बेशुद्ध पडला आहे, श्वासाची उपकरणे घेऊन या" असे सांगा.

२. त्याच्या अंगाला दोर असेल तर बाहेरूनच ओढा. शुद्धीत असेल तर दोर किंवा शिडी सोडा.

३. कडेला गर्दी करू नका. एका माणसाने इतरांना अडवण्याचेच काम करावे.

४. बाहेर काढल्यावर त्याला टाकीपासून दूर, मोकळ्या हवेत न्या. भिजलेले कपडे काढा.

५. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा. छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, सुमारे ५ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका, दमलात तर दुसऱ्याला बसवा. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका, त्याच्या श्वासातून वायू तुम्हाला लागू शकतो.

६. श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, तर कुशीवर झोपवा. पाणी, लिंबू, कांदा, काहीही तोंडात घालू नका.

रुग्णालयात पोहोचताच "टाकीतल्या वायूने बेशुद्ध पडला" हे पहिले वाक्य सांगा. किती वेळ आत होता, आणखी कोण आत गेले होते हेही सांगा. उपचाराचा मुख्य भाग म्हणजे भरपूर ऑक्सिजन आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर. म्हणून ही सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे आधीच माहीत असलेले बरे.

"आता बरे वाटते" म्हणून घरी थांबू नका

टाकीजवळ चक्कर आली, क्षणभर शुद्ध गेली, किंवा वाचवताना वायू लागला, अशा प्रत्येकाची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. फुप्फुसांत पाणी साचण्याचा त्रास काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही सुरू होऊ शकतो. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९८ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. या विषबाधेत रक्तात ऑक्सिजन असतो, पेशींना तो वापरता येत नसतो. धाप लागणे, खोकला, छातीत जड वाटणे, सतत डोकेदुखी, गोंधळल्यासारखे वागणे किंवा डोळ्यांची आग यांपैकी काहीही असेल तर थांबू नका.

काम करणाऱ्याला जखम झाली असेल तर ती साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. पुढच्या काही आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर लेप्टोची शंका घ्यायला हवी. भूक मंदावणे, लघवी गडद पिवळी होणे ही कावीळ असू शकते. डॉक्टरांना "मैल्याच्या टाकीचे काम केले होते" हे सांगा. हे कळले तर योग्य तपासणी लवकर होते. गरोदर स्त्रीला काविळीची लक्षणे दिसली तर एक दिवसही थांबू नये, हिपॅटायटिस-ई गरोदरपणात जीवघेणा ठरू शकतो.

विहीर आणि बोअरचे पाणी

शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर दूर असावा. अनेक घरांत जुनी टाकी आणि बोअर शेजारी-शेजारी असतात. टाकीला तडा गेला असेल, उपसताना मैला सांडला असेल, किंवा पाण्याला वास येत असेल, तर पाणी तपासून मिळेपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळा. गावात जलसुरक्षकाकडून विहिरीत टीसीएल पावडर टाकून घ्या आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला ग्रामपंचायतीला सांगा. घरात दोघा-तिघांना एकदम जुलाब किंवा कावीळ झाली, तर औषधाबरोबर पाण्याचाही विचार करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कामगार स्वतःच म्हणतो, "मी वीस वर्षे उतरतोय, काही होत नाही." मग?
प्रत्येक टाकीतले वायू वेगळे, एकाच टाकीत आज आणि उद्याचेही वेगळे. वीस वर्षांचा अनुभव फुप्फुसांना या वायूची सवय लावत नाही. त्याला नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. मजुरी बुडेल म्हणून तो उतरत असेल, तर दिवसाची मजुरी द्या आणि बाहेरचे काम द्या.

टाकीत पावडर किंवा कल्चर टाकले तर उपसावे लागत नाही का?
लागते. कशानेही तळाचा गाळ पूर्ण नाहीसा होत नाही.

गाडी आमच्या बोळात येतच नाही. काय करावे?
जास्त लांबीचे पाइप असलेली किंवा लहान गाडी शोधा. शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी बोलावली तर गाडीवाला जास्त पाइप घेऊन यायला तयार होतो आणि खर्चही वाटला जातो.

शेजारी माणूस उतरवत आहेत. मी काय करू?
ताबडतोब थांबवा. ऐकत नसतील तर नगरपरिषदेला, ग्रामपंचायतीला किंवा ११२ वर कळवा. शहरी भागासाठी केंद्र सरकारची १४४२० ही मदतवाहिनीही आहे. शेजाऱ्यांशी वाईटपणा आला तरी तो निवळतो.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. वायू लागलेल्या माणसाचे उपचार फोनवर किंवा वाचून करू नका, त्याला रुग्णालयातच न्या. ११२, १०१ आणि १०८ हे तीन क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचा फोन घरात दिसेल अशा ठिकाणी लिहून ठेवा, आणि टाकीचे काम ठरले की घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा: काहीही झाले तरी आत कुणी उतरायचे नाही.